माहूर : पन्नास वर्षं उशिरा

मंडळी, लग्नाला पन्नास वर्षं झाली की माणसाने काय करावं, यावर २०२२ च्या दिवाळीत आमच्या घरात बरीच चर्चा झाली. मुलगा म्हणाला, मंगल कार्यालय घेऊ. सून म्हणाली, पुन्हा एकदा अंतरपाट धरू, हल्ली तसं करतात. मुलगी म्हणाली, निदान सत्यनारायण तरी घाला. सौ. भाजी निवडत बसली होती. मान वर न करता तिने सांगून टाकलं, "मला माहूरला न्या. चालत. तुम्ही शाळेतल्या पोरायला नेत होताव तसं."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. त्यामागचा हिशेब मला एकट्यालाच ठाऊक होता.

आमचं लग्न डिसेंबर १९७२ मधलं. नव्या पिढीला ते साल सांगून काही कळायचं नाही, पण मराठवाड्यातल्या जुन्या माणसासमोर 'बहात्तर' एवढाच आकडा उच्चारला तरी तो क्षणभर गप्प होतो. पाऊस दडी मारून बसला होता. चांगल्या घरची माणसं रोजगार हमीवर खडी फोडत होती. लेकरांना सुकडी मिळायची आणि रेशनवर मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ती लाल ज्वारी. सासरे हदगाव तालुक्यातले शेतकरी, त्यांचं कुळदैवत माहूरची रेणुका. नवी जोडी देवीच्या पाया पडून आली पाहिजे अशी रीत. पण त्या साली त्यांनी बैलजोडी विकली होती. गाडी दारात उभी आणि जुंपायला काही नाही! एस.टी.ने जाता आलं असतं, नाही असं नाही. पण गेलं की ओटी आली, सवाष्णी जेवू घालणं आलं. तेवढं धान्य त्या वर्षी कुणाच्या घरात होतं?

मी नवा नवा मास्तर. बायकोला म्हणालो, "पुढच्या वर्षी जाऊ."

ते पुढचं वर्ष पन्नास वर्षांनी आलं. दरम्यान मी माहूरला अकरा वेळा जाऊन आलो, हे या गोष्टीतलं न सांगण्यासारखं, पण सांगायला हवं असं. शाळेची सहल ठरलेली असायची : नांदेडचा गुरुद्वारा, सहस्रकुंडाचा धबधबा, उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे आणि माहूर. मी इतिहास शिकवायचो, म्हणून किल्ला माझ्याकडे. प्रत्येक सहलीच्या आदल्या रात्री सौ. धपाटे थापायची, शेंगदाण्याची चटणी कुटायची, डबा बांधून द्यायची. "तुम्हीपण चला" असं मी एकदाही म्हटलं नाही. सहलीला बायकोला नेणं बरं दिसत नाही, असं तेव्हा वाटायचं. आता वाटतं, तसं कुणी म्हणालं तरी होतं का? की मीच ठरवून टाकलं होतं?

असो. तर अकरावीत असलेल्या नातवाने आमच्यासाठी दोन सॅक आणल्या. म्हणाला, "आजोबा, याला बॅकपॅकिंग म्हणतात." मी म्हटलं, बाबा रे, आम्ही त्याला वळकटी म्हणायचो. सराव म्हणून आधी आम्ही खरोशाला जाऊन आलो. लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यात, जांभ्या दगडात कोरलेली ती जुनी लेणी. टेकडी लहानच, पण पायांची परीक्षा झाली. सौ. पास झाली. मी वरच्या वर्गात ढकललो गेलो, असं म्हणू.

डोंगर आणि नवरा-बायको यांचं आपल्याकडे काय नातं आहे, याचा विचार मी खरोशाला दम खात बसलो तेव्हापासून करत होतो. आज लग्नाचा वाढदिवस म्हटलं की लोक थंड हवेच्या ठिकाणी जातात. पण हवा खायला डोंगरावर जायचं हे इंग्रजांनी आणलेलं. महाबळेश्वर त्यांनी वसवलं ते १८२०-३० च्या सुमारास. त्याआधीही आपली जोडपी डोंगर चढत होतीच, पण देवासाठी. जेजुरीला नवरा बायकोला उचलून पायऱ्या चढतो, ती रीत तुम्ही पाहिली असेल. नवऱ्याबरोबर हिंडलेल्या बाईने स्वतः लिहून ठेवलेलं वाचायचं तर रमाबाई रानडे यांच्या आठवणी आहेत, १९१० साली छापलेल्या. न्यायमूर्तींची नोकरी फिरतीची आणि रमाबाई त्यांच्याबरोबर मुक्कामामागून मुक्काम हिंडत होत्या. त्यांनी लिहिलं म्हणून आपल्याला कळलं. बाकीच्या बायका चढल्या, उतरल्या आणि कागदावर काही राहिलं नाही.

आपल्या वेरूळच्या लेण्यांत शंकर-पार्वती कैलासावर सारीपाट खेळत बसलेले कोरले आहेत. डोंगरावरचं आपलं सर्वांत जुनं जोडपं तेच म्हणायचं. मुलांना ते शिल्प दाखवताना मी कलचुरी आणि राष्ट्रकूट घराण्यांबद्दल बोलायचो. खेळात कोण जिंकतंय हे एका मुलीने विचारलं होतं. मी तिला गप्प बसवलं होतं.

दत्तजयंतीची गर्दी ओसरली आणि आम्ही निघालो. लातूरहून नांदेड, नांदेडला मुलीकडे मुक्काम, सकाळी माहूरची एस.टी. पासष्टीच्या पुढचे म्हणून दोघांनाही अर्धं तिकीट. कंडक्टर हसून म्हणाला, "दोघं मिळून एक झालं बघा!" पन्नास वर्षांचा संसार त्याने एका वाक्यात सांगून टाकला.

माहूर हे नांदेड जिल्ह्याचं उत्तरेचं टोक. अजिंठ्याची डोंगररांग पूर्वेकडे उतरत जाते, तिकडचा हा मुलूख. सागाचं जंगल आणि डोंगराला वळसा घालून जाणारी पैनगंगा. नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा, म्हणजे वऱ्हाड. निजामाच्या काळात अलीकडे हैदराबाद संस्थान आणि पलीकडे इंग्रजी मुलूख होता, त्यामुळे १९४७-४८ मध्ये मुक्तिसंग्रामातल्या मंडळींचा एक मोठा कॅम्प नदीपलीकडे उमरखेडला होता. किनवटचा हा भाग तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात मोडायचा. १९५६ मध्ये तो नांदेडला जोडला गेला. हे सगळं मी एस.टी.त सौ.ला सांगत होतो. ती खिडकीतून तुरीची शेतं बघत होती. मध्येच म्हणाली, "या रस्त्यानं मी आईबरोबर आले होते, नऊ वर्षांची असताना. गाडीत पोती होती, म्हणून आई अन् मी चालत." अकरा सहली केलेल्या माणसाला हे ठाऊक नव्हतं.

पहिल्या दिवशी रेणुकेचा डोंगर. साडेतीन शक्तिपीठांतलं हे एक पूर्ण पीठ. आम्ही सॅक पाठीला लावून गावातूनच चालत निघालो. वाटेवर वानरांची फौज. एकाने माझ्या हातातलं केळं असं काही नेलं की जणू मी ते त्याच्यासाठीच आणलं होतं. पायऱ्यांवर मी पुढे, सौ. मागे. मी दर वीस पायऱ्यांनी थांबून मागे बघायचो आणि मनात म्हणायचो, आपण बरे आहोत अजून. २०१९ साली माझ्या हृदयात स्टेंट बसवलेला आहे, त्यामुळे हा आनंद जरा जास्तच होता.

देवीचा तो शेंदूरचर्चित मोठा मुखवटा, बाहेर कुटला जाणारा तांबूल... तोच इथला प्रसाद. दर्शन झालं, ओटी भरली, पन्नास वर्षांची बाकी फिटली. मग सावलीला बसून मी नेहमीची गोष्ट सांगायला घेतली, श्रोता एकच होता तरी.

माहूरची परंपरा सांगते ती अशी. सहस्रार्जुनाने जमदग्नींना मारलं. परशुरामाने एक कावड केली. एका पारड्यात बापाचा देह, दुसऱ्या पारड्यात आई. ती खांद्यावर घेऊन तो कोरी भूमी शोधत डोंगरामागून डोंगर हिंडला. कोरी म्हणजे जिथे आधी कुणाचं दहन झालेलं नाही अशी. ती त्याला माहूरला मिळाली. दत्तात्रेय आचार्य झाले, अंत्यसंस्कार झाला, रेणुका सती गेली. पुढे परशुराम आईसाठी व्याकूळ झाला, तेव्हा आकाशवाणी झाली की आई जमिनीतून वर येईल, मात्र मागे वळून पाहू नकोस. त्याला राहवलं नाही. तो वळला, तोवर फक्त मुख वर आलं होतं. तेवढंच राहिलं. याच परशुरामाने आधी बापाच्या शब्दावरून आईवर परशू चालवला होता, हेही पुराणच सांगतं.

मी मुलांना ही गोष्ट सांगून पुढे म्हणायचो की दैवतकथेला इतिहास समजू नका. तसंच सौ.लाही म्हणालो. ती म्हणाली, "ते राहू द्या. कावडीचं मला पटलं. दोन्हीकडचं वजन सारखं असल्याबगर कावड चालत नाही. एकीकडं जड झालं की खांदा सोलतो." सासऱ्यांच्या विहिरीवरून तिने लहानपणी कावडीने पाणी आणलेलं आहे. मला हे पारडं कधी सुचलं नव्हतं.

दुपारी किल्ला. रामगडही म्हणतात त्याला. दगडी तटबंदी, दरवाजे, तळं, महाकालीचं ठाणं आणि तटावरून दिसणारं जंगल. अकबराच्या काळातल्या 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्यातला एक सरकार म्हणजे जिल्हा म्हणून माहूरचं नाव आहे. इथे माझा खरा तास सुरू व्हायचा. बुरुजाजवळ एक चौथरा आहे, तिथे उभा राहून मी शहाजहानचे हत्ती सांगायचो. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर त्याला नक्की आठवेल.

प्रसंग १६२३ चा. शहाजहान तेव्हा बादशहा झालेला नव्हता, शाहजादा होता आणि बापाविरुद्ध, जहांगीराविरुद्ध, बंड करून हरला होता. जहांगीर इतका चिडला की आपल्या आत्मचरित्रात त्याने लाडक्या मुलाचं नाव टाकून 'बेदौलत' म्हणजे करंटा म्हणायला सुरुवात केली. मागे शाही फौज, पुढे दख्खन. भर पावसात शहाजहानने तापी ओलांडली. बरोबरचे अनेक जण साथ सोडून गेले. तो माहूरपाशी आला तेव्हा इथे राजे उदाराम होता, माहूरचा देशमुख. जहांगीर त्याला उदाजीराम म्हणतो. शहाजहानने हत्ती आणि जड सामान उदारामाच्या हवाली करून माहूरच्या किल्ल्यात ठेवलं आणि हलका होऊन कुतुबशाही मुलखात शिरला. तिथून ओरिसा, बंगाल, बिहार. मुलांना हे फार आवडायचं. बादशाही हत्ती आपल्या माहूरच्या किल्ल्यात! पोरं तळ्याकडे बघून विचारायची, "सर, हत्ती इथंच पाणी पीत असतील?"

सौ.ने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "अन् त्याची बायको-लेकरं? ती कुठं ठेवली?"

मी म्हणालो, "ती बरोबरच होती. मुमताज सगळ्या धावपळीत त्याच्याबरोबर होती."

"तीच का, ताजमहालवाली?"

"तीच."

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे हत्तीला ओझं झालं म्हणून उतरून ठेवलं, अन् बाईला पुढं चालवलं?"

मंडळी, छत्तीस वर्षं मी इतिहास शिकवला. परीक्षक म्हणून आलेल्या तज्ज्ञांनी मला प्रश्न विचारले, तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारले. असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आणि त्याचं उत्तर देण्याइतकी माहिती माझ्याकडे होती, हे जास्त वाईट! शहाजहान आणि मुमताजचं लग्न १६१२ सालचं. म्हणजे ही मंडळी माहूरच्या डोंगराखालून गेली तेव्हा त्यांच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती. थोरली जहाँआरा नऊ वर्षांची. औरंगजेब अजून पाच वर्षांचाही झालेला नव्हता. पुढच्याच वर्षी, १६२४ मध्ये, याच धावपळीत बिहारमधल्या रोहतास किल्ल्यावर मुरादचा जन्म झाला. आणि १६३१ मध्ये बुऱ्हाणपूरला चौदाव्या बाळंतपणात मुमताज गेली. एकोणीस वर्षांचा संसार, चौदा बाळंतपणं आणि निम्मं आयुष्य छावणीत. प्रेम नव्हतं असं मी म्हणणार नाही. तिच्याशिवाय त्याला करमत नव्हतं, हे त्याच्या दरबारचे इतिहासकारही लिहितात. पण ताजमहालाचा संगमरवर किती आणि कारागीर किती हे मी फळ्यावर लिहून द्यायचो आणि ती बाई आपल्या नांदेड जिल्ह्याच्या चिखलातून गेली असेल हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. हत्ती आले! हत्तींची नोंद होती ना.

मला ओशाळल्यासारखं झालं, म्हणून मी रायबागनची गोष्ट काढली. म्हटलं, बघ, इथे बाईचीही नोंद आहे. उदारामाचीच बायको, सावित्रीबाई. नवरा गेल्यावर, मुलगा जगजीवनराव गेल्यावर तिने माहूरची देशमुखी सांभाळली, स्वतः लढाईत उतरली आणि औरंगजेबाकडून 'रायबागन' हा किताब मिळवला. बागन म्हणजे वाघीण. ज्याच्या बापाचे हत्ती तिच्या नवऱ्याने सांभाळले होते, त्या पोराने मोठेपणी तिला वाघीण म्हटलं. १६६१ च्या फेब्रुवारीत कारतलबखानाची फौज कुरवंडे घाट उतरून कोकणात निघाली, तेव्हा ती त्याच्याबरोबर होती. शिवाजी महाराजांनी उंबरखिंडीत त्यांना पुरतं कोंडलं. पाणी नाही, वाट नाही. तेव्हा खानाला त्याची चूक दाखवून शरण जा असं सांगणारी रायबागनच होती. कवींद्र परमानंदाने 'शिवभारता'त हे लिहून ठेवलं आहे. खानाने ऐकलं, खंडणी भरली आणि फौज जिवंत सुटली. माहूरच्या डोंगरातल्या बाईला खिंड म्हणजे काय हे कळत होतं. तलवार बहाद्दर खानाला कळलं नव्हतं.

सौ.ला रायबागन आवडली. पण तिने पुढे विचारलंच, "नवरा जिता असताना तिचं काही लिहिलंय का?"

नाही. उदाराम होता तोवर नोंद उदारामाची. तो गेला, मुलगा गेला, तेव्हा कागदांना ती दिसली. हे मी मनात म्हणालो. मोठ्याने म्हणालो, "चला, ऊन कलायला लागलं."

त्या रात्री गावातल्या लॉजवर एक गोष्ट झाली, ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. सौ. हातपाय धुवायला गेली होती. मला रक्तदाबाची गोळी हवी होती, ती तिच्या सॅकमध्ये. मी सॅक एका हाताने उचलायला गेलो आणि उचलली गेली नाही. दोन हात लावावे लागले. उघडून पाहिली तर पाण्याच्या चारही बाटल्या तिच्यात. स्टीलचा डबा तिच्यात. माझी चादर, माझा स्वेटर, ओटीचं सामान, औषधांची पिशवी, बॅटरी, सगळं तिच्यात. मग माझी उघडली. तिच्यात दोन पंचे, माझा सदरा आणि चुरमुऱ्यांचा पुडा. नातवाने दोन सारख्या सॅक आणल्या, फुगलेल्याही सारख्याच दिसत होत्या. आणि मी दर वीस पायऱ्यांनी मागे वळून 'आपण बरे आहोत' म्हणत होतो!

ती आल्यावर मी विचारलं. तिने टॉवेल वाळत घातला आणि म्हणाली, "डॉक्टरांनी वजन उचलू नका म्हणलंय ना. सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असताव का?"

"तुझे गुडघे?"

"ते काय, सवय हाय त्यायला."

मी बराच वेळ जागा होतो. तिने मला फसवलं याचा राग आला नव्हता. पन्नास वर्षं सॅक अशाच भरल्या गेल्या असतील आणि मी फक्त माझीच उचलून पाहिली, हे आत कुठेतरी लागलं. १९९३ च्या भूकंपानंतर मी शाळेच्या मदतपथकाबरोबर किल्लारीकडे महिनाभर जात-येत होतो. माझं नाव त्या कामात घेतलं जातं. घरी तेव्हा अंथरुणाला खिळलेले माझे वडील होते आणि दहावीतला मुलगा. ते कुणी पाहिलं, हे मला कुणी विचारलं नाही. मीही कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन्ही सॅक पलंगावर ओतल्या आणि नव्याने भरल्या. सगळं अर्धं-अर्धं. तिने दोन बाटल्या हळूच परत काढल्या. मी एक परत घेतली. शेवटी कावड बरी तोलली गेली.

त्या दिवशी दत्तशिखर आणि मग अनसूया. सकाळचं धुकं, सागाच्या पानांवर दव, वाटेत बोरं. या वाटेने किती पुरुष घर सोडून आले असतील! महानुभाव परंपरा सांगते की फलटणचे चक्रपाणी संसार सोडून माहूरला आले आणि इथे त्यांना दत्तात्रेयप्रभू भेटले. सोळाव्या शतकातले दासोपंत, नारायणपेठच्या देशपांड्यांच्या घरातले, ते घरदार सोडून इथे आले आणि बारा वर्षं दत्ताची उपासना केली. त्यांच्या 'गीतार्णवा'च्या ओव्या लाखाच्या वर जातात. कापडावर लिहिलेली त्यांची पासोडी अंबाजोगाईची शान आहे. मी दासोपंतांचा भक्त आहे. पण त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं की त्या बारा वर्षांत घरी त्यांची बायको होती. दासोपंत पुढे अंबाजोगाईला कुटुंबासह राहिले, त्यांच्या वंशजांची देवघरं तिथे आजही आहेत. म्हणजे ती बारा वर्षं कुणीतरी वाट पाहिली, घर धरून ठेवलं, म्हणून परत यायला जागा राहिली. ती बारा वर्षंही उपासनाच म्हणायची. तिच्या ओव्या नाहीत एवढंच.

अनसूयेचं शिखर त्या मानाने शांत. गर्दी दत्तापर्यंत, पुढे थोडेच येतात. अत्री आणि अनसूया हे जोडपं मला आता वेगळं वाटतं. घर सोडून नव्हे, घर घेऊन डोंगरावर राहिलेलं. तीन देव परीक्षा घ्यायला आले आणि तिने त्यांची तान्ही बाळं करून टाकली. एवढे मोठे देव आले, तरी शेवटी त्यांना दूध पाजून निजवायचं काम बाईलाच! असं सौ. म्हणाली, मी नव्हे. देवळाच्या पायरीवर बसून आम्ही धपाटे खाल्ले. तिच्या हातचेच. ते मात्र अर्धं-अर्धं करायचं राहून गेलं. ते नांदेडला मुलीच्या घरी पहाटे चारला उठून तिनेच थापले होते.

उतरताना माझा पाय मुरगळला. फार नाही, पण सॅक घेऊन चालवेना. सौ.ने एक सॅक पाठीवर आणि दुसरी पुढे छातीवर अडकवली आणि चालू लागली. मी विरोध केला. ती म्हणाली, "आता कसं, माहीत असून घेतलंय. कालचं वेगळं होतं." या वाक्याचा अर्थ मी अजून लावतोय. मला वाटतं, ओझं कमी व्हावं एवढंच तिचं मागणं नसावं. ते दुसऱ्याला दिसावं, असं काहीतरी असावं.

घरी आल्यावर मी माझी जुनी सहलीची टिपणवही काढली. अकरा वर्षांच्या नोंदी, प्रत्येक वेळी तेच : 'माहूर किल्ला. १६२३, शहाजहानने हत्ती व जड सामान येथे ठेवले.' त्याखाली मी लिहिलं, 'बरोबर पत्नी अर्जुमंद बानू, म्हणजे मुमताज महल, आणि लहान मुले होती.' आता ती वही कोणत्या वर्गापुढे वाचली जाणार नाही, हे मला कळतं. पण नोंद अपुरी होती, ती पुरी केली.

मग पानाच्या तळाशी तारीख घातली आणि लिहिलं, 'सहल बारावी. विद्यार्थी संख्या एक.' सौ.ला दाखवलं. तिने चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, "विद्यार्थी कोण होतं, ते नीट लिहा."